दिवेकर काकांचे संदेष्टे

शलोमकाका दिवेकर 'एक माणूस होता' एवढं म्हणाले की डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधली मराठी माणसं प्लेट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. पॉटलक ऐन रंगात असायचं, कुणी ढोकळ्याला नावं ठेवत असायचं, आणि कोपऱ्यातून तो जाड, शांत आवाज यायचा. "एक माणूस होता." झालं. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना अचानक बेसमेंट बघायचं असायचं आणि बायकांना डिशवॉशर लावायचा असायचा.

मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मी मलकापूरहून डायरेक्ट डेट्रॉइटला उतरलेला. काम काय, तर कॉम्प्युटरवर गाड्यांचे दरवाजे काढायचे. काका त्याच ऑफिसात ब्रेक टेस्टिंगला होते. माझ्याकडे लायसन्स नव्हतं म्हणून ते मला रोज लिफ्ट द्यायचे. आणि पहिल्याच आठवड्यात, सकाळी पावणेआठला, गाडीत फक्त आम्ही दोघं, काका म्हणाले,

"एक माणूस होता. त्याच्याकडे लोणच्याच्या सहा बरण्या. कैरी, लिंबू, मिरची, सगळं. त्याच्याच घरात दुसरा एक माणूस. त्याच्याकडे एकच बरणी. आईने साडीत गुंडाळून पाठवलेली. रोज चमच्याच्या टोकावर घेऊन खायचा बिचारा. एक दिवस सहावाल्याकडे मित्र आले. त्याने काय केलं? स्वतःच्या सहाच्या सहा तशाच ठेवल्या आणि त्या गरिबाची बरणी उघडली. पार तळ दिसेपर्यंत."

मी पेटलो. "काय नालायक माणूस आहे यार!"

"काय करावं अशा माणसाचं?"

"चड्डीवर स्नोमध्ये उभा करायचा!"

सिग्नल लाल होता. काका सावकाश माझ्याकडे वळले, चष्म्याच्या वरून बघितलं आणि बोट माझ्या नाकासमोर आणलं.

"उतर."

"अं?"

"तो माणूस तू."

माझा रूममेट फितूर निघाला होता. मी दाराच्या हँडलकडे हात नेला, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि काका म्हणाले, "बस, बस. मागचा हॉर्न वाजवतोय. बरणी आणून दे त्याला."

मग पुढचे चार मैल त्यांनी मला सांगितलं की ही युक्ती त्यांची नव्हे, नाथानची. आता हा नाथान कोण? तर बायबलमधल्या दावीद राजाच्या काळचा संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा. राजाने दुसऱ्याची बायको पळवली, तिचा नवरा लढाईत पुढे उभा करून मारवला. कुणाची बोलायची टाप नाही. नाथान सरळ आत गेला आणि एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी पळवल्याची गोष्ट सांगितली. राजा चिडला, म्हणाला त्या चोराला ठारच करतो. नाथान म्हणाला, चोर तूच. "एवढंच करायचे रे संदेष्टे," काका म्हणाले. "राजाच्या तोंडावर सांगायचं. आरती, होमहवन करायला पुजारी होते की."

काका बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मंडळात नवीन आलेल्या काकू 'दिवेकर' ऐकून खूश व्हायच्या. "आपल्यातलेच का?" काका म्हणायचे, "मी शलोम." मग कुणीतरी पटकन चहा विचारायचं. सिनेगॉगमध्ये उलटं. तिथले लोक विचारायचे, तुझ्या घरी कोणती भाषा बोलतात? मराठी म्हटलं की तिथेही चहा.

प्रॉफेटवाले काका म्हणून नाव पडल्यावर लोक त्यांना भविष्य विचारायला लागले. आमचा एक नागपूरचा मित्र गंभीर तोंड करून म्हणाला, "काका, माझं ग्रीन कार्ड कधी येईल?"

काका असे भडकले! "मी काय पोपट घेऊन बसलोय? शौल नावाचं एक पोरगं हरवलेली गाढवं शोधत शमुवेल संदेष्ट्याकडे गेलं. गाढवं सापडली, पण शमुवेलने डोक्यावर तेल ओतून त्याला राजा केला. जन्माची वाट लागली त्याची. तू कार्ड विचारायला आलायस, मी तुला मंडळाचा अध्यक्ष करीन. चालेल?"

मित्र त्यानंतर पुन्हा कार्डाबद्दल बोलला नाही.

ऑफिसातही तेच. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, नवीन ब्रेक वेळेवर तयार होणार ना? सगळे म्हणाले ऑन ट्रॅक. काका म्हणाले, "नो." येताना गाडीत मला सांगतात, "आहाब राजाकडे चारशे संदेष्टे होते, सगळे त्याच्याच ताटात जेवणारे. सगळे म्हणाले, जा, लढाई जिंकशील. एकटा मीखाया म्हणाला, मरशील. त्याला तुरुंगात टाकून कोरडी भाकर आणि पाणी दिलं."

"आणि तुम्हाला?"

"मला कोरडा बेगल दिला. आणि टेबल कॉपियरच्या शेजारी हलवलं."

"राजाचं काय झालं?"

"मेला. आपले ब्रेकही लेट होणार बघ."

"पण काका, खरा संदेष्टा राजाच्या पगारावर नसतो म्हणता. तुम्ही तर आहात की पगारावर."

काकांनी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. मग म्हणाले, "तू पुढच्या आठवड्यात लायसन्स काढ."

मला लहानपणापासून आवाज काढायची खोड. मलकापूरच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा आख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती. इथे अध्यक्ष, मॅनेजर, सगळे माझ्या घशात होते. पिकनिकला मी काकांचा आवाज काढला. 'एक माणूस होता'पासून बोटापर्यंत. लोक गवतावर लोळले. काका शांतपणे कणीस खात होते. म्हणाले, "आवाज बरा आहे. बोट जरा वर पाहिजे."

त्यांची एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. घरी येताना, साडेपाचच्या सुमाराला, ते फोन स्पीकरवर टाकायचे. चार रिंग, मग मशीन. "हाय, यू हॅव रीच्ड जोएल. मी घरी नाहीये. प्लीज लीव्ह अ मेसेज." 'घरी'तला र एकदम अमेरिकन, तोंडात गोळी ठेवल्यासारखा. बीप वाजला की काका फोन बंद करायचे. आठवड्यातून दोनदा तरी.

एकदा मी विचारलं, "कोण हा?"

"मुलगा. रेडमंडला असतो, तिकडे आत्ता दुपार. सॉफ्टवेअर."

"मग घरी असेल तेव्हा करा ना फोन."

"तेव्हा तो उचलेल," काका म्हणाले.

मी गंमत म्हणून लगेच तो आवाज काढला. "मी घरी नाहीये." काकांनी असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरचे डबे पुढे आले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "ते मराठी वाक्य त्याच्या आईसाठी आहे. इंग्रजी मशीनशी बोलायला चिडायची ती. तीन वर्षं झाली तिला जाऊन, पण त्याने वाक्य काढलं नाही."

मग एका रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर ताट. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, बदाम, भोवती पाच फळं. हा मलिदा. बेने इस्राएल लोक नवस फिटला की एलियाहूच्या नावाने करतात. एलियाहू म्हणजे सगळ्या संदेष्ट्यांचा दादा, रथातून आकाशात गेलेला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो जाताना कोकणात उतरला होता आणि त्याच्या रथाची खूण तिथल्या खडकावर आहे. मी खडकाबद्दल काही बोललो नाही. मलिदा फार चांगला झाला होता.

"नवस कसला?" मी तोंडात पोहे भरून विचारलं.

"नातू झाला. गुरुवारी."

मी ओरडलोच. "मग चला! जायचं कधी?"

काकांनी ईमेलचा प्रिंट काढून ठेवला होता. सुनेने पाठवलेला. येत्या गुरुवारी आठवा दिवस, बाळाची सुंता, नाव त्याच वेळी जाहीर करणार, तुम्ही आलात तर वुई वुड लव्ह इट. "त्या दिवशी एलियाहूसाठी एक खुर्ची मांडतात," काका म्हणाले. "तो प्रत्येक बाळाला बघायला येतो. तो जाईल. मी नाही."

"का?"

"सुनेने बोलावलंय. त्याने नाही."

मग सांगितलं. काकू हॉस्पिटलात होत्या तेव्हा जोएलचं काहीतरी रिलीज होतं. उद्या येतो, उद्या येतो करत तो त्या गेल्यावर एक दिवसाने आला. नंतर सुतकाचे सात दिवस घर माणसांनी भरलेलं, अर्धं सिनेगॉगचं, अर्धं मंडळाचं. सगळ्यांसमोर काका म्हणाले, एक माणूस होता, त्याच्याकडे दिवसच दिवस होते. एक बाई होती, तिच्याकडे चारच.

"मग?"

"गोष्ट संपायच्या आधीच तो उठला. लहानपणापासून ऐकतोय ना. त्याला शेवट माहीत होता." काकांनी केळं सोललं आणि खाल्लंच नाही.

सोमवारी नव्या लायसन्सवर गाडी मी चालवत होतो. मी हिंमत केली. "काका, एक माणूस होता. त्याचा मुलगा—"

"समोर बघून चालव. मला शिकवतोस?"

"बरं, मग मला एक सांगा. नाथानने एवढं तोंडावर सांगितलं, त्यानंतर राजाने त्याला हाकलला?"

"नाही. ठेवून घेतला."

"खुन्नस नाही धरली?"

"नाही रे. उलट—" काका थांबले. वायपर दोनदा इकडून तिकडे गेले. "उलट दावीदने पुढे स्वतःच्या एका मुलाचं नाव नाथान ठेवलं."

त्यानंतर ऑफिस येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. दुपारी कॉपियरच्या शेजारी मला म्हणाले, "बुधवारी सकाळी एअरपोर्टला सोडशील? तिकीट काढलंय. त्याला कळवलं नाही."

बुधवारी काकांनी कोट घातला होता. मांडीवर मलिद्याचा डबा. "सिक्युरिटीवाले नारळ काढून घेतील," मी म्हटलं. "किसलेला आहे," ते म्हणाले. मग एकदम, "त्याचा आवाज काढ."

"काय?"

"जोएलचा. दार उघडल्यावर मी काय बोलायचं ते बघू दे. तू जोएल. मी बेल वाजवली. टिंग."

मी टर्मिनलसमोर गाडी लावली आणि र गोल केला. "हाय. बाबा?"

काकांनी घसा साफ केला. भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारा, मॅनेजरला नो म्हणणारा माणूस. डब्याचं झाकण दाबत राहिला. "मी... फ्लाइट जरा लेट होती," म्हणाले. मग, "छे. परत. टिंग."

"हाय, बाबा."

"कसा आहेस? नको. हे नको. परत."

असं चार वेळा झालं. बाहेर पिवळं जाकीट घातलेला पोलीस गाड्या हाकत आमच्याकडे यायला लागला. तिथे उभं राहायची परवानगीच नव्हती.

"काका, लवकर. काहीही विचारा."

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. समोरच्या काचेकडे बघत हळूच विचारलं, "नाव काय ठेवणार आहात रे?"

आता ह्याचं उत्तर मशीनवर कधी नव्हतं. मला जोएलचं एकच मराठी वाक्य येत होतं, आणि तेही घरी नसल्याचं. तरी मी त्याच आवाजात म्हटलं, "ते उद्या सांगणार ना, बाबा. तुम्ही आत तर या."

काका आता माझ्याकडे वळले. 

"असं म्हणेल?"

"मला काय माहीत काका. मी नुसते आवाज काढतो."

पोलिसाने काच ठोकली. काकांनी त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं, थांब म्हणून. तो खरंच थांबला.

"आत या, एवढंच," काका मला म्हणाले. "परत एकदा म्हण."