न्हाणीच्या दरवाजाचं प्रकरण

सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून असलेल्या रामहरींच्या घरी न्हाणीचा दरवाजा खाली घासू लागला. मूळ प्रकरण एवढंच. दरवाजा उघडताना करकरायचा आणि लावताना चौकटीच्या चार बोटं अलीकडेच थांबायचा. घरातली माणसं एका हातानं दरवाजा ढकलून धरायची आणि दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घ्यायची. पुढे पुढे सगळ्यांना त्याची सवय झाली, आणि ज्याची सवय होते त्याला कचेरीत सुव्यवस्था म्हणतात.

पण लेकीसाठी, म्हणजे वच्छलेसाठी, जेऊरचं स्थळ आलं आणि मुलाचे आईबाप सोलापूरला येतो म्हणाले. तेव्हा रामहरींच्या पत्नी बजाबाई यांनी विषय काढला.

"आवं, पावनं आगगाडीनं येनार, धुरळ्यानं भरलेलं. आल्या आल्या आंगुळीला जानार. त्या ईरप्पा सुताराला बोलवा की."

"सुतार कशाला?" रामहरी म्हणाले. "सदर काम किरकोळ दुरुस्तीत मोडतं. घरच्या घरी करून टाकू."

रामहरींच्या या उत्साहाला कारण होतं. मागे कचेरीत छत्र्या अडकवायला भिंतीत एक खिळा हवा होता. त्यांनी बांधकाम खात्याकडे मागणी केली. खात्यानं विचारलं, खिळा कायम स्वरूपाचा की हंगामी? कायम, असं कळवल्यावर भिंतीची पाहणी झाली. मग पाहणीची पाहणी झाली. अखेरीस खिळा मंजूर होऊन आला, पण हातोडी वेगळ्या सदरात येत असल्यामुळे आली नाही. खिळा टेबलाच्या खणात राहिला, छत्र्या खुर्चीवर राहिल्या आणि रामहरी उभे राहिले. अशा माणसाला स्वतःच्या घरात हवा तिथं हवा तेवढा खिळा ठोकता येतो, हे सुख सुतारासोबत वाटून घेण्यासारखं नव्हतं.

शिवाय त्या वर्षी शहरात स्वावलंबनाची लाट होती. संध्याकाळी चौकाचौकांत व्याख्यानं होत. स्वतःची पादत्राणं स्वतःच शिवणाऱ्या एका गृहस्थांचं व्याख्यान रामहरींनी पुढं बसून ऐकलं होतं. ते गृहस्थ अनवाणी आले होते.

आणि ईरप्पाबद्दल म्हणाल, तर त्याला कधीही बोलवा, तो "उद्या येतो" म्हणायचा. त्याचा उद्या या गल्लीत अजून कुणी पाहिला नव्हता.

रामहरींनी बाजारातून रंधा, करवत, पटाशी, हातोडी आणि दोन पक्कडी आणल्या. दरवाजा खालून घासतो, तर खालचा भाग तासायचा, हे उघड होतं. त्यांनी तो तासला. दरवाजा घासायचा थांबला आणि खाली एवढी फट पडली की दुसऱ्या दिवशी बजाबाई आंघोळ करत असताना शेजारच्या चंद्रव्वाची कोंबडी आत येऊन घंगाळावर बसली. म्हणून फटीला फळी ठोकली. फळीच्या वजनानं वरची बिजागरी निखळली. ती लांब खिळ्यांनी पक्की केली, तर खिळ्यांनी चौकट भिंतीतून सुटली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये दगडमातीची पाचर मारली, तर चौकट आवळली आणि दरवाजा मावेना. मग त्यांनी दोन्ही बाजू तासल्या. आता दरवाजा चौकटीत नाचू लागला, तेव्हा त्याला चहूबाजूंनी आंब्याच्या लाकडाच्या पट्ट्या मारल्या.

आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी दरवाजा लागला. अगदी बेताचा, केसाइतकीही फट न ठेवता. रामहरींनी तो पुन्हा पुन्हा उघडला, पुन्हा पुन्हा लावला आणि बजाबाईंना बोलावून दाखवला. सगळी चाचणी कोरड्या दरवाजावर झाली होती, एवढीच त्यात उणीव होती.

दुपारी जेऊरची मंडळी आली. मुलाचे वडील कोंडीबा म्हणजे थोराड, रुंद छातीचे शेतकरी. मुलाची आई केराबाई म्हणजे बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. पाणी तापलेलं होतं. कोंडीबा पंचा नेसून न्हाणीत गेले आणि दरवाजा लावला. तो लागताना जो आवाज झाला तो ऐकून ओसरीवर बसलेल्या रामहरींच्या डोळ्यांत समाधान दाटून आलं.

बऱ्याच वेळानं न्हाणीतून हाक आली. "रामहरीराव."

"काय, पाणी हवं?"

"पानी झालं. दार उगडंना."

आतल्या वाफेनं आंब्याच्या पट्ट्या फुगल्या होत्या. रामहरींनी बाहेरून खांदा लावला. दरवाजा हलला नाही. बजाबाई पदर खोचून पुढं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ईरप्पाला बोलवते."

लेकीचं स्थळ न्हाणीत कोंडलं गेलं होतं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी आतून कोंडीबांचा आवाज आला. "कुनालाबी बोलवू नगा, पावनं. माज्या घरची समदी कामं मीच करतो. आमच्या गावात सुतार न्हाईच."

"सुतार नाही?"

"हुता. माजं काम बघून गेला."

रामहरींना भरून आलं. असा व्याही शोधून मिळाला नसता. त्यांनी वरच्या झरोक्यातून एक पक्कड आत सोडली, स्वतः हातोडी घेतली, आणि दोन्ही बाजूंनी दुरुस्ती सुरू झाली.

दरवाजा सोडवायचा, तर बिजागरीचे खिळे काढले पाहिजेत, असं कोंडीबांनी आत ठरवलं. दरवाजा हलू लागलाय, तर तो पडून पाहुण्यांना लागू नये म्हणून आवळला पाहिजे, असं रामहरींनी बाहेर ठरवलं. आतून एक खिळा निघाला की बाहेरून दुसरा आत जाई.

"हितं लईच खिळं हायती की, रामहरीराव," कोंडीबा आतून कौतुकानं म्हणाले. "काडावं तितकं निगत्यात."

"काम पक्कं केलंय," रामहरी बाहेरून म्हणाले.

बजाबाई थोडा वेळ हे ऐकत उभ्या राहिल्या. मग चपला घालून स्वतःच ईरप्पाच्या घरी गेल्या. ईरप्पाच्या घराला दरवाजा नव्हता, गोणपाट टांगलेलं होतं. दरवाजा आत भिंतीला टेकून उभा होता. लग्न झालं तेव्हापासून तो उद्या बसणार होता. ईरप्पा पान खात बसला होता.

"येतो की, अक्का. उद्या."

"आत्ता," बजाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. घराला दार असतं तर ईरप्पानं ते लावून घेतलं असतं. गोणपाट लावून घेता येत नाही. थोडा वेळ त्यानं गोणपाटाकडे पाहिलं, थोडा वेळ बजाबाईंकडे पाहिलं आणि मग निमूट उठला.

न्हाणीपाशी येऊन त्यानं दरवाजा वरून खालपर्यंत पाहिला आणि जगातला कुठलाही कारागीर कुठल्याही घरी जो प्रश्न पहिल्यांदा विचारतो तोच विचारला. "हे काम कुनी केलंय?"

"मी," रामहरी म्हणाले.

"आतल्या अंगाचं मी," आतून आवाज आला.

ईरप्पानं मान हलवली. "दार कापाय लागंल. माजी करवत करमाळ्याला हाय, मेव्हन्याकडं."

"माझी करवत आहे," रामहरी म्हणाले.

"दुसऱ्याच्या करवतीला माजा हात बसत न्हाय. उद्या घेऊन येतो."

"बराबर हाय," आतून कोंडीबा म्हणाले. "तुमी उद्या या मिस्त्री. आमी तवर करतो."

तिघांचं एकमत झालं. एवढं एकमत रामहरींनी कचेरीतही कधी पाहिलं नव्हतं. फक्त बजाबाई वाटेत उभ्या होत्या आणि बाजूला होईनात. तेव्हा, मागच्या बाजूनं काही होतंय का बघतो, असं म्हणत ईरप्पा चंद्रव्वाच्या अंगणातून न्हाणीमागे गेला आणि विचार करण्यासाठी भिंतीला टेकला. दुपारभर दोन्ही अंगांनी हादरे खाल्लेल्या भिंतीचा विचार आधीच झाला होता. ती आत गेली, आणि तिच्यापाठोपाठ ईरप्पा आत गेला.

रामहरींना बाहेर धडाड ऐकू आलं. मग शांतता. त्या शांततेत त्यांना मोडलेलं लग्न दिसलं, जेऊरला चाललेली गाडी दिसली, सगळ्या नात्यागोत्यात पसरलेली वार्ता दिसली. पहिल्यांदाच त्यांच्या हातातली हातोडी खाली पडली. "कोंडीबाराव?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

आत धुरळ्याचा ढग उठला होता. कोंडीबा दरवाजापाशी उकिडवे बसले होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. त्यांनी मागं वळून मातीत बसलेल्या ईरप्पाकडे पाहिलं. "आलात? बरं झालं. ही खालची बिजागरी वाईच धरा."

मागच्या भिंतीची जागा रिकामी झाली होती. तिथून चंद्रव्वाचं अंगण, वाळत घातलेले पापड आणि उघडं आभाळ दिसत होतं. पण त्या वाटेनं बाहेर पडण्याचं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. काम अर्धवट होतं.

शेवटी केराबाई उठल्या. इतका वेळ त्या स्वयंपाकघरात बजाबाईंच्या हातच्या कडक भाकरीची चौकशी करत शांत बसल्या होत्या. "तुमाला काळजी न्हाय वाटली?" बजाबाईंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाय वो. मागल्या साली ह्ये धान्याच्या बळदात अडकलं हुतं. त्याचं दार नीट करत हुतं. जेवान निवलं की येत्यात." त्या अंगणातून गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता भायेर या." कोंडीबा एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात पंचा सावरत बाहेर आले. चंद्रव्वानं डोक्यावर पदर घेतला आणि रीतीप्रमाणे "बसा" म्हटलं.

ओसरीवर सगळे जमले. कोंडीबा काय बोलतात याकडे रामहरींचा जीव लागून राहिला होता. कोंडीबांनी न्हाणीकडे एकवार पाहिलं. "भिंत गेली," ते म्हणाले, "पर दार जाग्यावरनं तसूभर हाललं न्हाय. मानूस कामाचं हाय. आमाला पोरगी पसंत हाय."

मुलगी अजून त्यांनी पाहिली नव्हती. तेव्हा वच्छलेला बाहेर बोलावलं. तिनं सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर केराबाईंकडे पाहून, जन्मात एकदाच विचारायचा प्रश्न विचारावा तशा गंभीरपणे विचारलं, "मुलानं कधी हातात हातोडी घेतलीय का?"

रामहरींनी कपाळाला हात लावला.

"न्हाय गं," केराबाई म्हणाल्या. "लहानपनापास्नं बापाला बघतोय. हातोडी दिसली की रानात पळून जातो."

"मग माझी हरकत नाही," वच्छला म्हणाली, आणि लग्न ठरलं.

न्हाणीचा दरवाजा तसाच उभा राहिला. त्याच्या मागं भिंत नव्हती, वर छप्पर तिरकं झालं होतं, पण दरवाजा मात्र घट्ट लागलेला. घरातली माणसं तरट बांधून चंद्रव्वाच्या अंगणातून आंघोळीला जाऊ लागली आणि हळूहळू त्याचीही सवय झाली. हकिकत शहरभर झाली. गिरणीतले, कचेरीतले, पेठेतले पुरुष मुद्दाम दरवाजा बघायला यायचे. त्यांतल्या एकानंही कोंडीबांना सर्दी झाली का, हे विचारलं नाही. प्रत्येकानं दरवाजावर टिचकी मारली, चौकटीवरून हात फिरवला, आणि म्हटलं, "यात काय अवघड आहे? आधी मला सांगायला हवं होतं."

वाचकहो, तुम्ही तर शिकलेसवरलेले, समंजस. तुम्ही ही हकिकत हसत वाचलीत. पण खरं सांगा, पट्ट्या आंब्याच्या न घेता सागवानी घेतल्या असत्या तर दरवाजा फुगला नसता, असं वाचताना तुमच्या मनात येऊन गेलं की नाही? आलं असेल, तर मेहेरबानी करून आधी हातातली ती करवत खाली ठेवा.