माइकवरचे एकशे एक रुपये

कोराडीच्या वीज केंद्रात कारकून असलेल्या देवाजीला सरकारकडून चौसष्ट रुपये परत मिळायचे होते. सगळा घोळ झाला तो त्या चौसष्ट रुपयांपायी. विम्याचा हप्ता हिशेबात धरायचा राहून गेला, त्यामुळे पगारातून कर जास्त कापला गेला होता, आणि शेजारच्या टेबलावरचा गिरिधर रोज त्याचं डोकं खात होता, "रिटर्न भर ना गा! आपला पैसा सरकारले काहून सोडून राहिला?"

देवाजीने फॉर्म आणला. नाव, पत्ता, पगार, सगळं झोकात लिहिलं आणि एका रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. पगार सोडून स्वतःच्या धंद्यातून, कलेतून किंवा आणखी कशातून काही मिळालं असेल तर तेही लिहा, असं तिथं म्हटलं होतं.

"प्रेमिला, गाण्याचे पैसे लिहाचे का वं?"

"भेटले ना तुमाले? मंग लिहा," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "चौसष्ट रुपयांसाठी खोटं कायले बोलता?"

देवाजीची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात वस्तीवस्तीतून बोलावणी येत. पेटी त्याची स्वतःची, पाच वर्षं चहा-विडी सोडून घेतलेली, आणि तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. गाणं रंगलं की लोक उठून पेटीवर नोट ठेवत आणि पार्टीतला धोंडबा माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारे आणि वहीत लिहून ठेवी. अशा बक्षिसांचे वर्षभरात पाचशे सत्त्याऐंशी रुपये हातात आले होते. देवाजीने तेवढेच लिहिले. इथं तो थांबला असता तर त्याचं भलं झालं असतं. पण गिरिधर म्हणाला, "पुरावा जोड गा, पुराव्याबिगर ते लोक मानत नाहीत," आणि या भल्या माणसाने धोंडबाची बक्षिसांची वही फॉर्मला जोडून दिली.

महिन्याभरात बोलावणं आलं. सिव्हिल लाइन्समधल्या इन्कमटॅक्सच्या ऑफिसात देवाजी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. समोरचे साहेब चष्म्यावरून पाहत होते. हा चेहरा आपण कुठंतरी पाहिला आहे असं देवाजीला वाटलं, पण कुठं ते आठवेना.

"फॉर्मवर पाचशे सत्त्याऐंशी," साहेब म्हणाले. "आमच्या बाबूंनी तुमच्या वहीची बेरीज केली. सहा हजार दोनशे बारा. बाकीचे कुठं गेले?"

आता या साहेबांना कसं सांगायचं, असं देवाजीला झालं! धोंडबाचा एक शिरस्ता होता. कुणी एक रुपया ठेवला की तो माइकवर एकवीस म्हणे, पाच ठेवले की एक्कावन्न, आणि बडा पाहुणा असला की त्याहून जास्त. ऐकणारे टाळ्या पिटत, देणारा छाती काढून जागेवर बसे आणि पुढच्या वर्षी हमखास परत येई. कार्यक्रम संपला की हीच मंडळी वहीत आपलं नाव पाहायला येत, त्यामुळे जे माइकवर तेच वहीत उतरवावं लागे. पंधरा वर्षं हे चाललं होतं. याला कुणी खोटं म्हणेल हे देवाजीच्या मनातही आलं नव्हतं.

"साहेब, ते मानाचे आकडे आहेत."

"म्हणजे वही खोटी?"

"खोटी नाही साहेब. जरा मोठी आहे."

साहेबांना हसू आलं नाही. "मग देणाऱ्यांना आणा. आम्ही कमी दिले असं त्यांनी लिहून द्यावं. नाहीतर अकराशे रुपये कर बसेल. सोमवारपर्यंत सांगा."

अकराशे! पेटी विकूनही दोनशे कमी पडले असते. देवाजी सायकल हातात धरून पायीच महाल भागात आला. बाजारात भाजी विकणारी भीमाबाई वहीत पहिल्याच पानावर होती. तिने दिलेला रुपया, वहीत एकवीस.

"मावशी, सोमवारी इन्कमटॅक्सच्या सायबानं बोलावलं हाय. वहीतल्या रकमा विचारून राहिले."

"काय विचारते?"

'तुम्ही एकच रुपया दिला होता' हे शब्द देवाजीच्या ओठांपर्यंत आले. पण शेजारीच भीमाबाईचे नवे जावई बसले होते. "माह्या सासूनं एकवीस रुपये देल्ले होते," असं ते आल्यागेल्याला सांगत. देवाजीने शब्द गिळले. "जे हाय ते सांगजा," एवढंच तो म्हणाला, आणि बाकीच्यांकडेही त्याची जीभ एवढ्यापुढे सरकली नाही.

त्यावरून मंडळींनी काय समजायचं ते समजून घेतलं. आपल्या देवाजीवर बालंट आलंय, साहेब म्हणतो वही खोटी, तर आता मागं हटायचं नाही! सोमवारी वीस-बावीस माणसं धुतलेले कपडे घालून ऑफिसात हजर झाली. सगळ्यांत पुढे भीमाबाई.

"सायब, म्या एकवीस देल्ले. कुनाच्याही समोर सांगतो!"

"मावशी..." देवाजी कळवळला.

"तू चूप राह्य गा! गरीब हावो म्हनून का देऊ नाही शकत? एकवीस कायचे, एकतीस असन ते. यानंच कमी लिवले!"

मागून एकेकजण पुढे सरसावला. कुणी एकवीसचे पन्नास केले, कुणी आपल्या मेव्हण्याच्याही रकमेची ग्वाही दिली. धोंडबाला तर इतका जोर चढला की त्याने प्रत्येकाचं नाव माइकवर पुकारावं तसं पुकारलं. साहेब लिहून घेत होते. बेरीज सहा हजारांवरून सात हजारांकडे निघाली होती, आणि देवाजीच्या डोळ्यांपुढे पेटी आपल्या पायांनी घराबाहेर चालली होती. त्याला रडू यायचं बाकी होतं. ही सगळी माणसं त्याच्या प्रेमापोटी त्याला बुडवत होती, आणि त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

"आता पुढचं नाव," साहेब म्हणाले.

धोंडबाने वहीचं पान उलटलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "नंदनवन कॉलनी. प्रमुख पाहुणे माननीय मार्तंडराव साहेब यांच्याकडून, एकशे एक रुपये!"

सवयीने दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग सगळ्यांची नजर टेबलावरच्या लाकडी पाटीकडे गेली. पाटीवर तेच नाव होतं.

आता देवाजीला तो चेहरा आठवला. पांढरा सफारी, पहिली खुर्ची, आणि चार घड्या घालून पेटीवर हळूच ठेवलेली दोनची नोट.

"अवं माय! एकशे एक!" भीमाबाईने कौतुकाने हात जोडले. "सायब, मोठ्या दिलाचे हा तुमी."

साहेबांचे कान लाल झाले होते. बाजूच्या टेबलांवरचे बाबू माना वळवून पाहत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "देवाजी, मी... किती दिले होते?"

एक शब्द पुरेसा होता. दोन. तेवढं म्हटलं की वही मोठी असल्याचं सिद्ध झालं असतं आणि पेटी वाचली असती. देवाजीने साहेबांच्या लाल कानांकडे पाहिलं. शेजारी भीमाबाई अजून हात जोडून उभी होती.

"एकशे एक, साहेब," तो म्हणाला. "वहीत आहे ना."

साहेबांनी सगळ्यांच्या जबान्यांचे कागद गोळा केले, नीट दुमडले आणि खणात टाकले. देवाजीच्या फॉर्मवर लाल शाईने लिहिलं, 'वहीतील आकडे सन्मानार्थ. उत्पन्न पाचशे सत्त्याऐंशी ग्राह्य.' वही परत देताना त्यांनी देवाजीचा हात घट्ट दाबला.

"पाह्यलं?" जिना उतरताना भीमाबाई म्हणाली. "आमी आलो म्हनून भागलं तुहं!"

"हो ना मावशी," देवाजी म्हणाला, आणि त्याला खरोखरच तसं वाटलं.

पुढच्या जयंतीला त्याने धोंडबाला शपथ घातली, जेवढे मिळतील तेवढेच सांगायचे. धोंडबाने तोंड पाडून "रुपया एक" असं पुकारलं आणि त्यानंतर तासभर पेटीकडे कुणी फिरकलं नाही. दिवेलागणीला नंदनवनचे मार्तंडराव साहेब पहिल्या खुर्चीवरून उठले. या वेळी त्यांनी पेटीवर दहाची नोट ठेवली, घडी न घालता. मग ते धोंडबाच्या कानाशी वाकले.

"मागच्या वर्षीसारखंच पुकारा," ते कुजबुजले. "फक्त वहीत लिहू नका."