सोनूबाईस आंबा घाट दाखविण्याबाबत

लांज्याजवळच्या एका वाडीतल्या सोनूबाईला आंबा घाट बघायचा होता. मागणी तशी साधी होती. जन्मभर तिने डोंगर खालून पाहिला होता. आता एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता, दुसऱ्यात पिकत होता, आणि जे काय बघायचं ते उरल्या डोळ्याने वेळेवर बघून घ्यावं असं तिला वाटत होतं.

"महिपता," रजेवर आलेल्या लेकाला ती म्हणाली, "मना येकदा वरनं खाली बघायचाय. आपला मुलूख वरनं कसा दिसतो ता बघीन नि गप बसंन."

दुसरा कोणी असता तर मोटार सांगून मोकळा झाला असता. पण महिपत पडला मुंबईच्या सरकारी कचेरीतला कारकून. वरिष्ठांच्या मंजुरीवाचून हात हलवायचा नाही, हे त्याच्या अंगात पुरतं भिनलेलं. वाडीत वरिष्ठ म्हणजे ग्रामदेवी. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, बांधाची भांडणं, सगळी प्रकरणं या कौलावर झटपट निकालात निघत. अट एकच, प्रश्न सरळ हवा.

महिपतने आप्पा गुरवाला प्रश्न घालून दिला तो असा: "सदर वृद्धेस घाटात नेले असता तिच्या जिवास अपाय होणार नाही असे तर नाही ना?"

आप्पाने हातातल्या कळ्या परत खाली ठेवल्या. "म्हंजे न्यायची काय नाय न्यायची?"

"कचेरीत असंच विचारतात. आपल्या अंगावर काही येत नाही."

आप्पाने गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पडली.

देवीने नाही म्हटलं, यावर एकमत होतं. कशाला नाही म्हटलं, यावरून देवळात जुंपली. रावजी मानकऱ्याने बोटांवर नकार मोजून अपाय होणार नाही असं काढलं. भागोजी मानकऱ्याने तेच नकार मोजून अपाय होणार असं काढलं. देवीला पुन्हा विचारणं म्हणजे तिच्या शब्दावर अविश्वास. आणि प्रश्नच चुकला म्हणावं तर अख्ख्या वाडीत शिकलेला महिपत एकटाच. शेवटी तोड निघाली: न्यायचं, पण अपाय होणारच असं धरून न्यायचं. दोन्ही बाजूंचा मान राहिला.

"देवीला नसतं इचारलं तर?" सोनूबाईने घाबरत विचारलं.

"आये, हे सगळं चाललंय कुणासाठी?" महिपत म्हणाला.

मग बंदोबस्त सुरू झाला. म्हातारी वळणावर बाहेर फेकली जाईल, म्हणून तिला मधे बसवून एका अंगाला रावजी आणि दुसऱ्या अंगाला भागोजी बसले. दोघेही अंगाने भरलेले. वारा लागेल म्हणून तिच्या कानांवरून कपाळापर्यंत गमछा आवळला. दरी बघून चक्कर येईल म्हणून मोटारीचे कॅनव्हासचे पडदे खाली सोडले. समोरून धूळ येऊ नये म्हणून स्वतः महिपत फेटा बांधून पुढे बसला. आणि कड्याशी थांबणं धोक्याचं, तेव्हा हरिश्चंद्र ड्रायव्हरला कुठेच न थांबण्याची सक्त ताकीद मिळाली.

साखरपा मागे पडलं, चढ लागला. रावजीने आपल्या बाजूचा पडदा जरा उचलला. "आयला, काय देखावा हाय!"

"मनाही जरा बघू दे," सोनूबाई म्हणाली.

"नको गो. तुला चक्कर येल."

भागोजीनेही आपला पडदा उचलला आणि मान बाहेर काढली. पुढून महिपत सांगू लागला, "आये, खाली नुसतं रान. आणि लांब आपल्या बाजूचे उघडे कातळाचे सडे. काय सांगू तुला!" सोनूबाईने उरल्या डोळ्याने रावजीच्या कोटाचं बटण पाहिलं. बटण पितळेचं होतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आला काय रे माथा?"

"गेला पण, आये. बघ, झालं का काही तुला?"

तिला रडू कोसळलं. डोळ्यांतून पाणी मोतीबिंदूमुळे येतं, असं भागोजीने समजावून सांगितलं.

म्हातारी धडधाकट परत आली. देवीचा कौल खरा ठरला, असं रावजी म्हणाला. बंदोबस्तामुळे निभावलं, असं भागोजी म्हणाला. आणि लेक असावा तर महिपतासारखा, असं सगळी वाडी म्हणाली. शेजारची गोदा मुद्दाम विचारायला आली, "काकी, काय काय बघितलंत?"

"लेकाची काळजी बघितली," सोनूबाई म्हणाली. "लय मोठी हाय. तिच्या पल्याडचं काय दिसत नाय."

वाचकहो, महिपताला हसलात ना? खुशाल हसा. पण मागल्या खेपेला तुम्ही म्हातारीला फिरवायला नेलंत, तेव्हा "आई, वारा लागेल, तू मधे बस" असं म्हणून खिडकीशी कोण बसलं होतं, तेवढं सांगा.