झऱ्यावरचं चौथं कलम

मोरदऱ्याची योजना आखायला गोपाळकृष्णाला नऊ दिवस लागले, आणि तिच्यात चूक सापडणं शक्य नाही असं त्याचं मत होतं. मत कसलं, सिद्धांतच! नागपुरात बी.एस्सी. होऊन जेमतेम तीन महिने झालेल्या माणसाला नुसती मतं नसतातच.

मोरदरा हे मेळघाटातलं थंड हवेचं गाव. परतवाड्याहून मोटार सुरू झाली, तशी उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याची निम्मी वकिली तिथे चढू लागली. पाठोपाठ दुकानं चढली. गावाला पाणी एकाच झऱ्याचं. गेल्या उन्हाळ्यात वरच्या चढावरचं सांडपाणी झिरपत झऱ्यात उतरलं आणि हगवणीने अकरा माणसं अंथरुणाला खिळली. एक म्हातारा उठलाच नाही. तेव्हा गावच्या कमिटीचे अध्यक्ष, अमरावतीचे वकील बापूसाहेब, यांनी गोपाळकृष्णाला बोलावून घेतलं.

त्याने झऱ्याचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, मोजणीच्या साखळीने चढ मोजला आणि नियम केला : झऱ्याच्या वर दोनशे वारांत दुकान नको!

पण दीडशे वारांवर मैनाबाईचं चहा-भज्यांचं दुकान होतं. म्हातारी एकटी, दुकान वीस वर्षांचं; शिवाय गोपाळकृष्ण दोन्ही वेळ तिथेच जेवत होता. म्हणून त्याने चौथं कलम घातलं : नियम लागू होईल त्या सोमवारी उभी असलेली दुकानं कायम राहतील. आणि न्यायाला धरून, आठ दिवस आधी दवंडी.

"सहदेव, जास्तीत जास्त लोकांना कळलं पाहिजे बरं का," त्याने कोतवालाला बजावलं.

सहदेव कामाचा पक्का! तो थेट परतवाड्याच्या बाजारात गेला. डफ बडवून ओरडला, "ऐका हो ऐका! सोमवारपासून मोरदऱ्याच्या झऱ्यावर दुकान लावता येनार नाई! ज्याले लावाचं असन त्यानं इतवारच्या आत लावा! मंग कोनी हलवनार नाई!"

एक अक्षर खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत!

शुक्रवारी पहिली बैलगाडी आली. शनिवारी गाड्यांची रांग लागली, जणू चढावर कोणाचं लग्न होतं! रविवारी संध्याकाळी गोपाळकृष्णाने दुकानं मोजली. एकतीस! भजीवाले, सरबतवाले, बांगड्यावाले, दोन न्हावी आणि तसबीर काढणारा एक.

"अहो, ही जागा दुकानांसाठी नाही!" तो ओरडला.

भगवंत भजीवाल्याने कढई टेकवली. "काहून साहेब? चौथं कलम तुमचंच न?"

गोपाळकृष्ण मैनाबाईच्या बाकावर येऊन बसला. चहा निवला तरी त्याला शुद्ध नव्हती. अखेर त्याने सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्यासाठी तुनं येवढं भोक पाडलं?" मैनाबाई म्हणाली. "अन् त्यातून हे एकतीस घुसले!"

"आता कायद्याने काही करता येत नाही, मैनाबाई."

"तुले नाई येत. वर पानी कोन नेते? आमी बायाच न!"

सोमवारी सकाळी एकही घागर वर गेली नाही. भगवंत चिडून स्वतःच बादली घेऊन खाली आला. झऱ्यावर बायांची रांग.

"नंबर लाव भाऊ, आमच्या मांगं," रांगेतली रुख्मिणी म्हणाली.

त्याने नंबर लावला. घागर भरली की बाई ती जनावरांच्या हौदात रिकामी करी आणि पुन्हा त्याच्या पुढे येऊन उभी राही!

"अवं, तू तं आताच भरलं न!"

"म्हशीले तहान जास्त लागून राहिली आज!"

गावातल्या म्हशी त्या दिवशी पाणी पाहून तोंड फिरवू लागल्या. बुधवारपर्यंत भज्यांचं पीठ कोरडं, न्हाव्यांच्या वाट्या कोरड्या, भगवंताचा घसाही कोरडा. गाड्या उतरू लागल्या. जाता जाता भगवंत म्हणाला, "आमी चाललो बाई. पन तुहं दुकान तं वरच हाय न?"

मैनाबाईने चूल विझवली.

"अहो, तुमच्यासाठी कलम आहे!" गोपाळकृष्ण धावला.

"तुह्या कलमानं पानी गाळल्या जाते काय? माह्या भांड्याचं खरकटंही त्याच झऱ्यात जाते. धर हे!"

नऊ दिवसांत त्याने जे कागदावर उतरवलं नव्हतं, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं. आभार मानायला त्याने तोंड उघडलं, तोच तिने त्याच्या डोक्यावर कढई पालथी घातली आणि हातात बाक दिला. साखळीने मोजून, दोनशे वारांच्या पलीकडे चूल मांडायला ती डोक्यावर परात घेऊन पुढे निघाली.

तेवढ्यात मोटार थांबली. एकतीस दुकानांची तार मिळाल्याने बापूसाहेब संतापून आले होते. पण समोर मोकळा चढ! ते चकित झाले. कढईखालच्या काजळी फासलेल्या हमालाला त्यांनी हाक मारली, "अरे ए! ही योजना राबवणारे साहेब कुठे आहेत? मला त्यांचा सत्कार करायचाय!"

गोपाळकृष्णाने कढई सावरली आणि बाकानेच दिशा दाखवली.

"त्या काय, पुढे चालल्यात. डोक्यावर परात आहे ना, त्याच!"