वाचवून घेण्याचा पहिला मान

आपत्ती कधीही येते, पण आराखडा मुदतीतच जावा लागतो. त्यामुळे दोहोंपैकी जास्त कशाला भ्यायचं, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आमचं हिवरेसांगवी बार्शीपासून एसटीनं तासाभरावर. वर्षातले बरेच महिने पाऊस नाही म्हणून टँकरची वाट बघायची आणि उरलेल्या दिवसांत तो आला म्हणून पळायचं, असं आमचं समतोल हवामानाचं गाव. गेल्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं आणि वरून पत्र आलं : आपत्ती जोखीम कमी करण्याचा आराखडा अद्ययावत करा. मी निवृत्त मुख्याध्यापक. अक्षर चांगलं म्हणून समितीचा सचिव झालो. (आराखडा टाईप करायचा होता, हे नंतर कळलं.)

जुना आराखडा आम्ही पोथी उघडावी तसा उघडला. गावाचे धोके असे होते : पूर, दुष्काळ, वीज पडणे, जत्रेतली चेंगराचेंगरी आणि साप. आम्ही तारखा बदलल्या. मयत सदस्यांची नावं काढली. (दोघांची ठेवली, घरच्यांना वाईट वाटलं असतं.) साप हा धोका 'मध्यम'वरून 'कमी' केला, कारण गावातला साप पकडणारा सरपंचांचा साडू आहे आणि त्याच्यावर अविश्वास दाखवणं बरं दिसलं नसतं. अशा रीतीनं पहिल्याच बैठकीत गावाची जोखीम अठरा टक्क्यांनी घटली. मग चहा झाला.

चहा चालू असताना चांदबी आली. खालच्या वस्तीत राहते, बांगड्या विकते. नवरा नबीसाब पूर्वी ट्रक चालवायचा. अंगावरून वारं गेल्यापासून अंथरुणाला खिळला आहे. गेल्या वेळी पाणी त्याच्या बाजेला टेकून थांबलं होतं. (कार्यालयीन भाषेत : हानी निरंक.)

"गुरुजी, कागद झ्याक हाय की," ती म्हणाली. "पन पानी आलं तर आमच्या ह्यांना कोन उचलनार? मला एकटीला न्हाय जमत. नाव सांगा की कुनाचं तरी."

प्रश्न सोपा होता, म्हणून समिती गोंधळली. उचलणे हा विषय आरोग्याचा, महसुलाचा की बांधकामाचा? शेवटी सरपंच जोतिराम आबांनी डोकं चालवलं. पंचायतीत एक स्ट्रेचर पडून होतं आणि स्ट्रेचरला चार मुठी असतात. आता आमच्या गावात काहीही उचलायचं म्हटलं की मान आला. जत्रेच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आबांच्या घराचा, बाकीचेही असेच ठरलेले. मग स्ट्रेचर काय आभाळातून पडलं? तेही उचलायचंच! तेव्हा मुठी पालखीच्या क्रमानं वाटल्या. मागच्या डाव्या मुठीवरून दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या, तर आळीपाळी लावून दिली : एका आपत्तीला एक भावकी, पुढच्या आपत्तीला दुसरी. तेव्हापासून दुसरी भावकी पुढच्या आपत्तीची आतुरतेनं वाट बघते आहे. लोकसहभाग म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

राहिला प्रश्न वाचवून घेण्याच्या पहिल्या मानाचा. आराखड्याबरोबर बचावाची रंगीत तालीमही घ्यायची होती आणि तीत ज्याला वाचवायचं, त्याचा फोटो पेपरात येणार होता.

"आमचेच हायत की हितं, खरं आजारी," चांदबी म्हणाली. "त्येंनाच उचला. तुमची सवय बी हुईल."

तिला समजावलं, की बाई, तालमीत खरा आजारी माणूस घेणं धोक्याचं. त्याला काही झालं तर जबाबदार कोण? शिवाय नबीसाबला फोटोत हसता येत नाही. मान उपसरपंचांच्या पृथ्वीराजला मिळाला. पोरगा आखाड्यात कमावलेला, ब्याण्णव किलोचा, एकदम निरोगी. ठरलेल्या दिवशी नेमका पाऊस आला, म्हणून पुराची तालीम पावसामुळे पुढे ढकलली आणि मग स्वच्छ उन्हात पार पाडली. पृथ्वीराजला दोनदा वाचवावं लागलं, कारण पहिल्या वेळी फोटोग्राफर आला नव्हता.

चांदबी दारातून बघत होती. "लई छान उचलता की तुमी," ती म्हणाली. "पानी आल्यावर येनार न्हवं?"

"आराखड्यात आहे," मी सांगितलं. बिचारीचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं.

सप्टेंबरात एका संस्थेनं आमच्या आराखड्याला उत्कृष्टतेचं बक्षीस दिलं. सोलापुरात कार्यक्रम होता. चारही मानकरी फेटे बांधून गेले. सोबत स्ट्रेचरही नेलं, व्यासपीठावर मांडायला. भाषणं रंगात आली असताना माझा फोन वाजला.

"गुरुजी, पानी उंबऱ्यात आलंय! मानकरी कुटं हायत?"

"व्यासपीठावर," मी खरं ते सांगितलं. एवढ्यात पाहुण्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, म्हणून फोन बंद केला. सभ्यता नावाची काही गोष्ट असते.

शेजारच्या कल्लप्पानं आणि त्याच्या सुनेनं नबीसाबला बाजेसकट उचललं, चांदबीनं पायथा धरला, आणि छातीभर पाण्यातून तिघं शाळेच्या ओट्यावर पोचले. नबीसाब वाचला. आम्ही ट्रॉफी घेऊन परतलो, तेव्हा त्याच्या अंगावर चांदबीचं लुगडं पांघरलेलं होतं.

आता अडचण बघा. मानकरी रुसले. इतक्या वर्षांचा रिवाज मोडून कुणीही उठावं आणि कुणालाही वाचवावं? कल्लप्पाला समितीपुढं बोलावलं. गरीब माणूस, हात जोडले, माफी मागितली, पुन्हा कुणाला उचलणार नाही असं सगळ्यांदेखत कबूल केलं. त्यामुळे अनधिकृत बचावाची जोखीम शून्यावर आली. ही सुधारणा ताबडतोब आराखड्यात घेतली.

"म्हंजे आता कोनच न्हाय," चांदबी म्हणाली. ही तिची हरकत तोंडी होती, म्हणून धरता आली नाही.

लेखी हरकतींसाठी मसुदा महिनाभर भिंतीवर लावला होता. तुमच्याही गावाचा, वॉर्डाचा असाच लागून गेला आहे. दूध आणायला तुम्ही त्याच भिंतीसमोरून जाता. तुमची हरकत काही आली नाही. त्याअर्थी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, असं समजून तुमच्या संमतीनं तो मंजूर झाला. ते नाव तेवढं घरात सांगून ठेवा.