दारातली गाठ

शिवप्पाअण्णा कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी दारावरून हात फिरवतात. मग यजमानांना विचारतात, "सागवान म्हणून घेतलं का?" यजमान हो म्हणाले की अण्णा गप्प बसतात. त्या गप्प बसण्यामुळे माझ्या आत्यानं नवंकोरं दार बदलायला काढलं होतं.

सोलापुरात आमचं छोटं ऑफिस आहे. मोबाइलवरच्या गेमसाठी आम्ही कॉम्प्युटरवर चित्रं काढतो. मी माणसं काढते, शेजारच्या टेबलावर अण्णा लाकूड काढतात. दारं, पेट्या, होड्या, बैलगाड्या. वय छप्पन्न. आधी ते लोखंडी कपाटांवर लाकडाच्या रेघा रंगवायचे. ते काम बंद पडलं तेव्हा इथं आले. टॅबचं पेन अजूनही मधूनच शर्टाला पुसतात.

"झाड कुठलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "अण्णा, साधी पेटी आहे. खेळणारा ती कुऱ्हाडीनं फोडणार."

"मग बाभळीची नको. लई दमंल की ते पोरगं."

गेल्या महिन्यात एका जुन्या दाराचं काम आलं. अण्णांनी आठवडा लावला आणि क्लायंटनं ते परत पाठवलं. खरं वाटत नाही म्हणे. काय चुकलंय, ते त्यालाही सांगता येईना. साहेबांनी सुनावलं, "उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर तयार फोटो चिकटवू. यापुढं सगळं लाकूड तसंच करू."

"टॅब घरी नेतो," एवढंच अण्णा बोलले. ऑफिसचा टॅब एकट्यानं न्यायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मीही गेले.

अण्णांच्या पत्नी, महादेवीकाकू, खाटेवर बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, हे मला तिथं कळलं. अण्णांनी त्यांचा तळहात हातात घेतला आणि टॅबकडं बघत त्यावर बोटानं एकेक रेघ ओढायला लागले.

"ही वरनं खाली आली. हितं गाठ. फुडं परत सरळ."

काकूंनी त्यांचं बोट धरलं. "गाठीजवळ सरळ कशी जाईल? वळसा घालंल की. बापाच्या सुतारकामात किती दारं घासलीत मी."

"व्हय की," अण्णा म्हणाले. गाठीभोवतीच्या सगळ्या रेघा त्यांनी पुसल्या आणि नव्यानं काढल्या. प्रत्येक रेघ आधी तळहातावर, मग टॅबवर. मी केलेला चहा तसाच गार झाला.

काकू मला म्हणाल्या, "रोज संध्याकाळी हे आठवून माझ्या तळहातावर काढतात, मी बघते ह्यांचं काम. ह्या वेळी आठवडाभर अक्कलकोटला बहिणीकडं होते. तेवढ्यात घोळ घातला बघ."

दुसऱ्या दिवशी दार पास झालं. साहेब खूश होऊन म्हणाले, "अण्णा, दोन दिवस सुट्टी घ्या. घरी आराम करा."

"सुट्टी नको साहेब," अण्णा म्हणाले. "मग संध्याकाळी तिला काय दाखवू?"