तीन पंख्यांचं की दोन पंख्यांचं

"पहिलं बरं का दुसरं?" नंबरकाकांनी विचारलं.

"दोन्ही सारखंच वाटतंय हो," खुर्चीत बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

एरवी या उत्तरावर काका उखडले असते. चष्म्याच्या दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा फिरवल्या होत्या. आजूबाजूच्या निम्म्या नाकांवरचा नंबर त्यांनीच काढलेला, म्हणून तर ते नंबरकाका. 'सारखंच वाटतंय' म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा. "सारखं कसं असेल? एक काच वेगळी आहे, दुसरी वेगळी आहे. डोळे तुमचे आहेत ना? मग सांगा!" असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. पण गेल्या काही दिवसांपासून अशा माणसांबद्दल त्यांना एकदम जवळीक वाटायला लागली होती.

"बाई, समजा," काका आवाज खाली आणून म्हणाले, "एकाला तीन पंखे आहेत, एकाला दोन. तीनवाल्याला वेग जास्त, दोनवाल्याला मेमरी जास्त. किंमत जवळपास तीच. नावही तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. तुम्ही कुठलं घ्याल?"

नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली की कुणालाही आपण परीक्षेला बसलोय असंच वाटतं. बाईंनी गंभीरपणे विचार केला. आयुष्यभर दुसऱ्यांना उत्तरं द्यायला लावल्यामुळे प्रश्न समजला नाही असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"दुसरं," त्या ठामपणे म्हणाल्या.

"दुसरं," काका पुटपुटले आणि त्या तंद्रीत बाईंच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर दुसऱ्या काचेचा नंबर लिहून मोकळे झाले.

हे पंखे म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे. काकांची मुलगी, घरातली बबडी, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली तेव्हा आपला गेम खेळायचा संगणक बाबांच्या हवाली करून गेली. जाताना टेबलाला स्टिअरिंग बसवून दिलं, पायाशी पेडल लावून दिली. फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का', 'जेवले, तू जेवलास का', 'जेवलो' इथे येऊन आपटायचं आणि मग दोघंही आईला फोन द्यायची वाट बघायची. पण रविवारी दुपारी दोघं आपापल्या ठिकाणी बसून एकाच ताफ्यात ट्रक चालवायला लागली आणि नवल घडलं. समोर रस्ता असला की बबडी आपोआप बोलायची. ऑफिसातल्या साहेबाबद्दल, करपलेल्या भाजीबद्दल, नळ दुरुस्त न करणाऱ्या घरमालकाबद्दल. काका हूं हूं करत ट्रक चालवायचे. सबंध आठवडा ते त्या दुपारच्या जोरावर काढायचे.

अडचण एकच होती. काका रस्ता चुकायचे. पाटीवर एक लिहिलेलं असायचं, काका भलतीकडे वळायचे. त्या खेळात ट्रक जवळ असले तरच एकमेकांचा आवाज ऐकू यायचा. ताफ्यात सर्वांत पुढे बबडीच्या ऑफिसातला एक सहकारी असायचा. तो वेळेचा इतका पक्का, की काकांनी त्याचं नाव घड्याळ ठेवलं होतं. मागच्या रविवारी काकांनी दुधाचा टँकर सरळ नदीत घातला. दूध खोटं होतं, नदी खोटी होती, पण घड्याळाचा राग अगदी खरा होता.

"बाबा, ऐक ना," रात्री बबडीचा फोन आला, "तो म्हणतोय, येत्या रविवारी पण असं झालं तर काकांच्या जागी दुसरा ड्रायव्हर घेऊ. मी भांडले त्याच्याशी. पण तू जरा बघ ना."

"अगं, बघतोय म्हणूनच सांगतो. पाट्याच पुसट येतात! तुझं ते ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय."

या निदानावर कुणी शंका घेतली नाही. डोळ्यांच्या बाबतीत त्या घरात काकांचा शब्द अखेरचा होता. शिवाय काका स्वतःचे डोळेही नियमाने तपासत. गिऱ्हाइकांसाठीचा वाचनाचा तक्ता हातात घेत, तळातला मुंगीएवढ्या अक्षरांचा उतारा घडाघडा म्हणत आणि समाधानाने स्वतःला उत्तीर्ण करत.

तर काका संगणकवाल्याकडे गेले. टक्कल पडलेला, शांत डोळ्यांचा गृहस्थ. त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली.

"चित्र रंगवायचं काम हे करतं, काका. दोन्ही उत्तम. जुळी भावंडंच म्हणा. वापर काय आहे तुमचा?"

"मी ट्रक चालवतो."

संगणकवाल्याने काकांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि गोऱ्यापान बोटांकडे एकदा पाहिलं. "मग दोन्ही चालतील," तो म्हणाला.

"चालतील काय? चांगलं कुठलं ते सांगा."

"दोन्ही सारखीच."

"सारखी कशी असतील?" काका कडाडले. "एक वेगळं आहे, दुसरं वेगळं आहे!"

"मग तुम्हीच सांगा," तो अगदी शांतपणे म्हणाला. आणि इथून काकांची झोप उडाली.

त्यांनी कुणाकुणाला म्हणून विचारलं नाही! केस कापणारा म्हणाला, तीन पंखे घ्या, एक बिघडला तरी दोन उरतात. पोस्टमन म्हणाला, दोनच घ्या, पुसायला सोपे. साडूंना फोन केला, तर त्यांनी आपल्या छताच्या पंख्याच्या आवाजाबद्दल अर्धा तास सांगितलं. सकाळी काका तीनवर ठाम असायचे, दुपारी दोनवर, आणि संध्याकाळी कुलूप लावताना काकूंना विचारायचे, "अगं, तुला काय वाटतं?"

काकू दुकानाची पुढची बाजू सांभाळायच्या. फ्रेमी दाखवणं, दांड्या वाकवणं, पैसे घेणं, आणि काकांनी दुखावलेल्या गिऱ्हाइकांना गोड बोलून परत बसवणं. "मला काय वाटतं ते मी आतल्या आत वाटून घेतलंय," त्या म्हणायच्या.

शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाई नव्या चष्म्यासकट परत आल्या. चालत आल्या म्हणणं धाडसाचं होईल, भिंतीला धरून धरून आल्या.

"यातून जिना माझ्या अंगावर येतो," त्या म्हणाल्या. "आज शाळेत मी फळ्याला उद्देशून 'खाली बस' म्हणाले."

"पण बाई, दुसरी काच तुम्हीच निवडली होती."

"मी दोन पंखे निवडले होते!"

काकूंनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, काच फुकट बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्या गेल्यावर दुकानाची फळी ओढून घेतली.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या संगणकवाल्याकडे. आज तुमचे पंखे ठरल्याशिवाय मी या खोलीत कुणालाही तुमच्यासमोर बसू देणार नाही. परवा रविवार आहे, माहितीये ना?"

माहीत होतं. दुसरं काही माहीत नसल्यासारखंच माहीत होतं.

संगणकवाला खरोखर भला माणूस. त्याने दोन संगणक शेजारी शेजारी लावले, एकात हे कार्ड, दुसऱ्यात ते, आणि दोन्हींवर काकांचा तोच ट्रकचा खेळ सुरू करून दिला. दोन्ही पडद्यांवर एकच रस्ता, एकच पूल, पुलावर एकच पाटी.

काका पहिल्यापुढे बसले. मग दुसऱ्यापुढे बसले. मग परत पहिल्यापुढे. त्यांचा चेहरा उजळला.

"दोन्ही पुसट," त्यांनी निकाल दिला. "दोन्ही नापास."

"पुसट?" संगणकवाला चमकला. त्याने काकांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "पाटीवर 'पुढे घाट, वेग कमी करा' लिहिलंय की."

"आणि खाली बारीक अक्षरात 'वळणावर हॉर्न द्या'," दाराशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

"तुम्ही लोक अंदाजाने वाचताय," काका म्हणाले. मग त्यांनी मान मागे घेतली. आणखी मागे घेतली. खुर्ची सरकवली. उठून मागे मागे जात कीबोर्डांच्या कपाटाला टेकले आणि आनंदाने ओरडले, "हां! आता आलं! हे तीन पंख्यांचं कार्ड इथून अगदी स्वच्छ दिसतं. लांब पल्ल्याचं कार्ड आहे हे!"

संगणकवाल्याने आपल्या धंद्यात पुष्कळ ऐकलं होतं, पण लांब पल्ल्याचं ग्राफिक्स कार्ड त्याने ऐकलं नव्हतं. तो काकूंकडे पाहू लागला. काकू काकांच्या मानेकडे पाहत होत्या. ती मागे मागे जाणारी मान त्यांनी दुकानात हजारदा पाहिली होती. चाळिशी उलटून गेलेलं माणूस किमतीची चिठ्ठी वाचताना ती अशीच मागे नेतं, आणि वर म्हणतं, 'छपाई खराब आहे.'

"तुमच्याकडे या दोन कार्डांची माहिती लिहिलेला एखादा कागद असेल ना?" काकूंनी विचारलं. त्याने तो दिला. काकूंनी त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि नवऱ्याला घरी आणलं.

दुकानात आल्यावर त्या म्हणाल्या, "बसा खुर्चीत."

"कुठल्या?"

"गिऱ्हाइकाच्या."

काका हसले. "अगं, माझे डोळे मी दर वर्षी तपासतो."

"मग आणखी एकदा तपासायला काय हरकत आहे?" असं म्हणून काकूंनी वाचनाचा तक्ता त्यांच्या हातात दिला. तोच जुना, लाकडी चौकटीतला. "तळातला उतारा वाचा."

काकांनी चौकट हातात धरली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "माळी रोज सकाळी बागेला पाणी घालतो. बागेत नाना रंगांची फुले आहेत. फुलांवर भुंगे गुंजारव करतात. माळ्याची मुलगी परडी घेऊन—"

"थांबा."

"का? अजून मुलगी फुलं वेचायची आहे."

"चौकटीत मी त्या संगणकवाल्याचा कागद सरकवलाय," काकू म्हणाल्या. "त्यावर पंख्यांबद्दल लिहिलंय. माळी नाही, बाग नाही, आणि माळ्याला मुलगीही नाही."

काकांनी चौकट जवळ घेतली, लांब धरली, आणखी लांब धरली. हात संपला. इतक्या वर्षांत किती गिऱ्हाइकांनी त्यांच्यासमोर तो माळी अडखळत वाचला असेल! त्या सगळ्यांच्या तोंडून ऐकून काकांना तो कधी पाठ झाला, हे त्यांनाही कळलं नव्हतं. दर वर्षी स्वतःला तपासताना ते डोळ्यांची नव्हे, स्मरणशक्तीची परीक्षा देत होते आणि पहिल्या नंबराने पास होत होते.

"कुणाला सांगू नकोस," चौकट खाली ठेवत ते म्हणाले.

"गिऱ्हाइकांना नाही सांगत. बहिणीला सांगेन," काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. "हं. पहिलं बरं का दुसरं?"

काकांनी निरखून पाहिलं. "दोन्ही सारखंच…" ते म्हणायला लागले आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "पहिलं," ते गुमान म्हणाले.

रविवारी नवा चष्मा लावून काका जुन्याच संगणकापुढे बसले, आणि त्यांना रस्ता दिसला. पाट्या दिसल्या, पाट्यांवरचा गंज दिसला, कडेच्या कुंपणावर बसलेला पक्षीसुद्धा दिसला.

"कुठलं कार्ड घेतलंस रे शेवटी?" बबडीने विचारलं.

"तुझ्या आईने निवडलं," काका म्हणाले, आणि यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी नंबरकाकांनी सिमेंटचा ट्रक असा नेला, की बघत राहावं. प्रत्येक वळण बरोबर, प्रत्येक फाटा बरोबर. माल वेळेआधी पोचला. "वा काका!" घड्याळ म्हणालं. "आता तुमची जागा पक्की. मी कुणाचं ऐकणार नाही."

"भारी बाबा!" बबडी म्हणाली. "किती लवकर उरकलं! चल, ठेवते मग. कपडे धुऊन टाकते." आणि ती गेली.

काका स्वच्छ, झगझगीत पडद्यापुढे बसून राहिले.

"काय हो, नदीत गेलात परत?" काकूंनी विचारलं.

"नाही. पोचलो."

"मग तोंड असं का?"

"घरमालकाने नळ दुरुस्त केला का, ते विचारायचंच राहिलं."

काकूंनी सुस्कारा टाकला. "अहो, तुम्ही हरवायचात, मग ती तुम्हाला शोधायला मागे यायची. ते घड्याळ पुढे निघून जायचं. तेवढ्यातच तर तुमचं काय ते बोलणं व्हायचं. आता हरवणारच नाही म्हटल्यावर ती बोलणार कधी?"

पुढच्या रविवारी काका मनाशी काहीतरी ठरवून बसले. सगळ्यांत पुढे घड्याळ, मधे बबडी, मागे काका. बंदराकडे जायचं होतं. दोन वळणं सुरळीत गेली. तिसऱ्या फाट्यावर दरवाजाएवढी पाटी आली: बंदर उजवीकडे. प्रत्येक अक्षर टपोरं. उभं आयुष्य लोकांना नीट बघायला लावलेल्या माणसाला, दिसत असताना चुकणं फार जड गेलं. हात डावीकडे वळेना.

तेवढ्यात पुढच्या ट्रकचा डावा दिवा लुकलुकला, आणि बबडी सरळ डावीकडच्या रस्त्याला लागली.

"अगं ए! बंदर उजवीकडे!" घड्याळ ओरडलं.

"हो का?" बबडी म्हणाली. "पाटी दिसलीच नाही मला."

काकांनी त्या पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. ती न दिसायला माणसाला डोळे मिटूनच बसावं लागलं असतं.

"मलाही नाही दिसली," ते म्हणाले आणि मुलीच्या मागोमाग वळले.

"काका! तुम्ही पण? अहो, तुम्ही आत्ताच तर नवं—" घड्याळाचा आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

पुढे नुसता डोंगर होता. पाट्या नव्हत्या, फाटे नव्हते, एकामागे एक चाललेले दोन ट्रक होते.

"बाबा."

"हं."

"घरमालकाने काय केलंय माहितीये? नळ राहिला तसाच आणि दारच बदललं मेल्याने!"

काकांनी ट्रकचा वेग कमी केला. मागे काकूंनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज झाला.